टंकयंत्राच्या पोटातला हेर



ट्रॉयच्या लाकडी घोड्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. यंत्राच्या पोटात दडवलेल्या फितुरीला शास्त्रज्ञ आज त्याच घोड्याचे नाव देतात. आम्ही बोलणार आहोत ते प्रथम एका टंकयंत्राविषयी.

१९८४ साली अमेरिकेने मॉस्कोतील आपल्या वकिलातीतली सुमारे ११ टन यंत्रसामग्री मायदेशी नेली आणि ती क्ष-किरणांखाली तपासली. आयबीएम कंपनीच्या एका सेलेक्ट्रिक टंकयंत्रातली धातूची पट्टी भरीव असावयास हवी होती. तिच्या आत निघाले विद्युत्-मंडल! पुढे मॉस्को व लेनिनग्राड मिळून अशी १६ यंत्रे सापडली. कळ दाबली की आतल्या दांड्या हलत. त्या हालचाली चुंबकीय फरकावरून टिपायच्या, साठवायच्या आणि रेडिओलहरींवरून क्षणार्धात बाहेर सोडायच्या, असा हा कारभार. दूरचित्रवाणी केंद्राच्या लहरींच्या आडोशाने ते संदेश जात, आणि तपासनीस आले की बाहेरूनच यंत्र मुके करता येई. वकिलातीची सांकेतिक लिपी कितीही भक्कम असो; मजकूर तिच्यात शिरण्यापूर्वीच घराबाहेर गेलेला असे! हेरगिरी निंद्य खरी, पण कारागिरीला मात्र आम्ही दाद देतो.

आता पट्टीचीही गरज उरलेली नाही. बिनतारी यंत्रातली चिप नखाएवढी. तिचा आराखडा एका देशात होतो, घडण दुसऱ्या देशात. जिन व मॅक्रिस या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की, अशा चिपमध्ये थोडासा फेरफार केला तर गुप्त किल्लीचा एकेक अंक प्रक्षेपणाच्या जोरात किंवा कंपनसंख्येत किंचित फरक करून बाहेर धाडता येतो. घडणीत चिपाचिपांत थोडाफार फरक पडतोच, आणि तो चालवूनही घ्यावा लागतो. गवळ्याच्या मापातले उणेअधिक आपण नाही का चालवून घेत? चोर नेमका त्या सवलतीत लपतो. नेहमीच्या चाचण्यांत चिप बिनबोभाट उत्तीर्ण होते; खूण ठाऊक असलेला श्रोता मात्र दूर बसून किल्ली जुळवीत असतो.

यावर इलाज अगदीच नाही असे नव्हे. एकच मोजमाप पाहून चोर सापडत नाही. पुष्कळ मोजमापे घेऊन गणिताने एकत्र मांडली की फितूर चिपा वेगळ्या पडतात. मात्र ताडून पाहण्यास निर्दोष चिप हवी. ती निर्दोष आहे हे ठरवायचे तर काही नमुने थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात, आणि खरवडलेली चिप पुन्हा कामास येत नाही.