१,४५७ यार्डांवरचा विक्रम



२७ जुलै १९९९. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातलं विचिटा शहर. तिथल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत एक फॅक्स येऊन पडला. पाठवणारा याच गावचा मुलगा, बॅरी सँडर्स, डेट्रॉइट लायन्स या संघाचा रनिंग बॅक. वय नुकतंच एकतीस झालेलं. मजकुराचा गाभा एवढाच, की खेळत राहण्यापेक्षा खेळ सोडण्याची इच्छा आता मोठी झाली आहे. संघाचं सराव शिबिर अगदी तोंडावर आलं होतं. तो स्वतः तोवर लंडनला निघूनही गेला.

साऱ्या अमेरिकेला धक्का बसला, कारण त्या घडीला त्याच्या नावावर धावून काढलेले १५,२६९ यार्ड होते. वॉल्टर पेटनचा सर्वकालीन विक्रम १६,७२६ यार्डांचा. बरोबरीला १,४५७ यार्ड हवे होते, आणि आदल्याच हंगामात सँडर्स १,४९१ यार्ड धावला होता. म्हणजे आणखी एकच हंगाम, तोही नेहमीसारखाच.

अमेरिकन फुटबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून थोडं सांगतो. मैदान शंभर यार्डांचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. क्वार्टरबॅक चेंडू हातात देतो आणि रनिंग बॅक तो छातीशी धरून समोरच्या अकरा जणांच्या भिंतीत घुसतो. बहुतेक वेळा तीन-चार यार्डांवर कोणीतरी त्याला जमिनीवर आदळतं. उठायचं आणि पुन्हा घुसायचं, हाच त्याचा धंदा.

सँडर्सची उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. कबड्डीत चढाईला गेलेला एखादा चपळ गडी कोंडीत सापडूनही कंबर वळवून निसटतो ना, तसं त्याचं धावणं होतं. भिंतीवर डोकं आपटण्यापेक्षा तो मागे फिरे, बाजूला सरके, अंगावर आलेल्या माणसाला हवेत हात मारायला लावून निघून जाई. हे दर वेळी साधत नसे. १९९४च्या अखेरीस ग्रीन बेविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात तो तेरा वेळा धावला आणि एकूण हाती लागला उणे एक यार्ड! पण साधलं की प्रेक्षक उभे राहत. आणि गोलची रेषा ओलांडली की नाच नाही, हातवारे नाहीत. चेंडू पंचाच्या हाती द्यायचा आणि परतायचं.

आकड्यांशीही त्याचं नातं पहिल्यापासूनच असंच अलिप्त होतं. १९८८ साली ओक्लाहोमा स्टेटकडून त्याने अकरा सामन्यांत २,६२८ यार्ड काढले, महाविद्यालयीन खेळातला हाइझमन हा सर्वोच्च सन्मान मिळवला. पुढच्या वर्षी लायन्सकडून पहिलाच हंगाम. शेवटचा सामना हाती आलेला, आणि प्रशिक्षक वेन फाँट्स यांनी त्याला सांगितलं, आणखी थोडे यार्ड काढलेस तर कॅन्सस सिटीच्या ख्रिश्चन ओकोयेच्या पुढे जाशील, देशात पहिला येशील. त्याने नकार दिला. सामना जिंकला होता, तेवढं त्याला पुरे होतं. ओकोये १,४८० वर पहिला, सँडर्स १,४७० वर दुसरा. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. दहा वर्षांनंतरचा फॅक्स ज्यांना कोड्यात टाकून गेला, त्यांनी हा प्रसंग आठवायला हवा होता.

१९९७ चा हंगाम मात्र मला सगळ्यात मोठा वाटतो. पहिल्या दोन सामन्यांत मिळून फक्त ५३ यार्ड, मग सलग चौदा सामन्यांत प्रत्येकी शंभराहून अधिक. शेवटच्या दिवशी, २१ डिसेंबरला, न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध त्याने दोन हजारांचा टप्पा ओलांडला. असा तो तिसराच खेळाडू. त्याच सामन्यात त्याच्याच संघाचा रेजी ब्राउन पाठीच्या कण्याला मार लागून मैदानावर बेशुद्ध पडला होता. तो वाचला, पुन्हा चालू लागला, पण खेळणं कायमचं संपलं.

या धंद्यात शरीर किती लवकर खर्ची पडतं, याचं दुसरं उदाहरण अर्ल कॅम्पबेल. ह्यूस्टन ऑयलर्सचा हा बलदंड रनिंग बॅक समोरच्याला चुकवण्यापेक्षा तुडवत जाई. आठ हंगामांत ९,४०७ यार्ड. पुढे पाठ आणि गुडघे असे गेले, की चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

सँडर्स अंगाने धडधाकट असताना गेला. त्याने मागाहून सांगितलेलं कारण दुखापतीचं नव्हतं, सततच्या पराभवाचं होतं. दहा वर्षांत लायन्सनी बाद फेरीतला एकच सामना जिंकला, जानेवारी १९९२ मध्ये डॅलसविरुद्ध. चांगले सहकारी एकेक करून सोडून गेले. तो गेल्यावर करारावेळी मिळालेल्या रकमेचा काही भाग संघाने त्याच्याकडून परत घेतला. चाहते रागावले, पळपुटा म्हणाले. मला हा आरोप मुळीच पटत नाही. ३,०६२ वेळा जो माणूस त्या भिंतीत शिरला, त्याने ३,०६३ व्या वेळी नाही म्हटलं, तर तो हक्क त्याचाच आहे. आकडा पुरा करणं हे प्रेक्षकांचं स्वप्न होतं. ते त्याच्या गुडघ्यांवर लादायचा अधिकार कोणाला होता?

पेटनचा विक्रम २००२ मध्ये डॅलसच्या एमिट स्मिथने मोडला. सँडर्सला २००४ साली हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, डेट्रॉइटशी अबोलाही हळूहळू सरला. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या फोर्ड फील्डबाहेर त्याचा पुतळा उभारला. त्याच हंगामात, जानेवारी २०२४ मध्ये, लायन्सनी लॉस एंजेलिसच्या रॅम्सना २४-२३ असं हरवलं. डॅलसवरच्या त्या विजयानंतर बाद फेरीतला त्यांचा हा पहिलाच विजय होता.