हरले म्हणून उठू नका

मैत्रिणींनो, आम्ही जोगेश्वरीच्या एका बचत गटातल्या बायका. बैठक, हप्ते, वहीवरच्या सह्या, सगळं तुमच्यासारखंच. गेल्या वर्षी मुलांच्या जुन्या पटावर आम्ही बुद्धिबळ शिकायला घेतलं. बैठक आटोपली की पट मांडायचा. त्यातल्याच एका डावाची ही गोष्ट.

आमच्यातल्या दोघी खेळत होत्या. एक पोळीभाजी केंद्र चालवतात, दुसऱ्या घरकाम करतात. घरकामवाल्या ताईंकडे शेवटी एकटा राजा उरला, तोही कोपऱ्यात. समोर राजा आणि वजीर. ताई म्हणाल्या, "हरले मी, घ्या आवरून." आम्ही म्हटलं, "मात तर होऊ दे, मग उठा."

समोरच्या ताईंनी घाई केली. वजीर अशा घरात ठेवला की राजाला शह बसला नाही, पण हलायला एकही घर उरलं नाही. "जिंकले!" त्या म्हणाल्या. आम्हालाही तसंच वाटलं. मग नियमाचं पुस्तक उघडलं. शह नाही आणि कुठलीच चाल उरली नाही, तर डाव बरोबरीत. दोघींना अर्धा-अर्धा गुण.

"एवढ्या सोंगट्या मारल्या, आणि अर्धाच?" ताई जरा फुगल्या. पण नियम मान्य केला.

नियम दुबळ्यालाही राखतो, पण तो माहीत हवा. घरकामवाल्या ताई आधी कर्जाच्या कागदावर न विचारता सही करायच्या. पुढच्या बैठकीत म्हणाल्या, "आधी वाचून दाखवा. व्याज किती? हप्ता चुकला तर काय?" त्या दिवशी सगळ्यांनीच नीट ऐकलं.

मुंबईच्याच रोहिणी खाडिलकर 1976 साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या, तेव्हा केवढा गदारोळ झाला! प्रकरण जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या अध्यक्षांपर्यंत गेलं. बायकांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही, असा निर्णय झाला. त्याही उठून गेल्या नाहीत.

आणि बरोबरी म्हणजे कमीपणा नव्हे. 2025 च्या महिला विश्वचषकात नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांच्या अंतिम सामन्यातले पहिले दोन्ही डाव बरोबरीतच सुटले. नंतरच्या जलद डावांत दिव्या जिंकली.

तेव्हा मैत्रिणींनो, गटात एक पट आणा. पट नसेल तर पुठ्ठ्यावर चौसष्ट घरं आखा. आणि पट असो की कागद, नियम विचारल्याशिवाय उठू नका.