एक राणी, पाच पुस्तकं



संयोजकांनी मला सांगितलं, "तू खूप वाचतेस, वाचनावर पंधरा मिनिटं बोल." मी सॉफ्टवेअरवाली. साहित्याची समीक्षा हा माझा प्रांत नाही. त्यामुळे आज मी वाचक म्हणून माझी मतं मांडणार आहे. ती तुम्हाला पटलीच पाहिजेत असं नाही. पटली नाहीत तर जेवणाच्या पंगतीत भांडू.

विषय मीच निवडला आहे : ऐतिहासिक कादंबऱ्या, आणि गोष्टीसारखी वाचता येणारी पण खऱ्या घटनांची पुस्तकं. निवडण्यामागे कारण आहे. आपल्या बॅचच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या तरी ऐतिहासिक व्यक्तीवरून जुंपते. एक म्हणतो, "मी वाचलंय." दुसरा म्हणतो, "मीही वाचलंय." दोघंही खरंच बोलत असतात. एकाने कादंबरी वाचलेली असते, दुसऱ्याने चरित्र, आणि तिसऱ्याकडे कुणीतरी पाठवलेला मजकूर असतो. मागच्या वर्षी अशाच एका वादात आपले दोन मित्र ग्रुप सोडून गेले. त्यातला एक आज इथे आलाय, याचा मला फार आनंद झाला आहे. दुसरा आला नाही. तीस वर्षांची मैत्री एखाद्या संवादावरून तुटावी, आणि तो संवादही कादंबरीकाराने रचलेला असावा, हे मला सहन होत नाही.

ज्यांच्यावरून आपण भांडलो ती नावं आज घेत नाही. उदाहरण म्हणून झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंना घेते. त्यांच्यावर मी पाच पुस्तकं वाचली आणि पाचही पुस्तकांत मला वेगळी राणी भेटली.

साधा प्रश्न घ्या. लढाईत पडली तेव्हा राणी किती वर्षांची होती? आपण सगळे तिचं जन्मवर्ष १८२८ म्हणून ओळखतो. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ साली राणीचं मराठी चरित्र लिहिलं, त्यात १८३५ आहे. मृत्यू जून १८५८ मधला. म्हणजे ती एकोणतीस वर्षांची होती किंवा बावीस. मृत्यूची तारीखसुद्धा कुठे १७ जून आहे, तर कुठे १८. इतक्या प्रसिद्ध व्यक्तीबद्दल ही स्थिती असेल, तर तिच्या मनात त्या रात्री काय चाललं होतं हे कुणी छातीठोकपणे सांगू लागलं, की मी जरा सावरून बसते.

पाचांतलं माझं सर्वांत आवडतं पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक. घरात कर्ज झालेलं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असं कळल्यावर काकांबरोबर उत्तरेला निघाला. साल नेमकं १८५७. यज्ञ राहिला बाजूला, गोडसे भटजी बंडात सापडले आणि झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. राणीचा सकाळचा व्यायाम, घोड्यावरची रपेट, स्नानाची हौस हे सगळं त्यांनी लिहिलं. शहर पडल्यावरची लूट लिहिली, वाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची नासधूस लिहिली. काल्पीच्या वाटेवर धुळीने माखलेली, तहानलेली राणी त्यांना विहिरीवर भेटली. हे पाणी काढून द्यायला पुढे झाले, तर तिने विद्वान ब्राह्मणाकडून ते काम करून घेतलं नाही, स्वतः काढून प्यायली. पुस्तक कुणीही वाचलं तरी हा प्रसंग विसरत नाही.

मग हे सगळं शब्दशः खरं मानायचं का? माझ्या मते, मानायचं ते कोण बोलतोय हे लक्षात ठेवून. गोडसे भटजींनी हे प्रवासानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, आठवणीतून लिहिलं. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आणि बाजारात ऐकलेलं एकाच ओघात येतं. पुस्तक छापलं चिंतामण विनायक वैद्य यांनी, १९०७ साली, लेखक हयात नसताना आणि स्वतः त्यात फेरफार करून. मूळ मोडी हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी आवृत्ती काढली ती १९६६ मध्ये. आमच्या कामात एखादी ओळ कुणी, कधी बदलली याची नोंद राहते आणि जुनी-नवी प्रत शेजारी ठेवून पाहता येते. ही सोय या पुस्तकाला साठ वर्षांनी मिळाली. म्हणून कुणी 'माझा प्रवास'चा दाखला दिला, की मी विचारते, "कुठली आवृत्ती?"

दुसरं पुस्तक आपल्याकडे फारसं कुणी वाचत नाही. जॉन लँग हा सिडनीत जन्मलेला वकील आणि पत्रकार. झाशी खालसा झाल्यावर, १८५४ मध्ये, राणीने त्याला सल्ल्यासाठी बोलावलं. सोनेरी कागदावर फारसीत लिहिलेलं निमंत्रण त्याला गेलं होतं. भेटीची हकीकत त्याने १८५९ साली लंडनला छापलेल्या पुस्तकात दिली आहे. राणी पडद्याआड बसली होती. दत्तक मुलाने पडदा बाजूला केला, म्हणून त्याला ती क्षणभर दिसली. निषेध नोंदवून तूर्त पेन्शन घ्यावी असा सल्ला त्याने दिला. त्यावर राणी जे बोलली ते त्याने हिंदुस्थानीतच लिहून ठेवलं आहे. झाशी न देण्याचं ते वाक्य, तुम्हाआम्हा सर्वांना पाठ असलेलं.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बसले. माझ्या डोळ्यांपुढे ते वाक्य नेहमी बुरुजावरून, तलवार उपसून म्हटलेलं असायचं. प्रत्यक्षात ते वेढ्याच्या चार वर्षं आधी, पडद्यामागून, एका वकिलाला सांगितलेलं आहे. नवरा गेलेला, राज्य गेलेलं, आणि ती अजून कायद्याने झगडते आहे. मला ही राणी बुरुजावरच्या राणीपेक्षा मोठी वाटते. पुरावे शोधले की माणसं लहान होतात अशी भीती आपल्याला असते. माझा अनुभव बरोबर उलटा आहे.

आता कादंबरी. वृंदावनलाल वर्मा हे झाशीतच वकिली करणारे. १९४६ साली त्यांची 'झांसी की रानी लक्ष्मीबाई' ही हिंदी कादंबरी आली. राणी नाइलाजाने लढाईत ओढली गेली, असा सूर पारसनीसांच्या चरित्रात आहे. वर्मांना तो मान्य नव्हता. ती स्वराज्यासाठी समजून-उमजून लढली, हे त्यांना दाखवायचं होतं, आणि ते त्यांनी ताकदीने दाखवलं. पण इथे माझी पहिली तक्रार आहे. जून १८५७ मध्ये झाशीत सुमारे साठ गोऱ्यांची कत्तल झाली, बायकामुलांसकट. त्यात राणीचा हात होता की ती हतबल होती, यावर इतिहासकार दीडशे वर्षं वाद घालत आहेत. कादंबरीकाराला असं अधांतरी राहता येत नाही. त्याला पुढचं प्रकरण लिहायचं असतं, म्हणून तो एक उत्तर निवडतो. तो त्याचा हक्कच आहे. ते उत्तर आपण पुरावा म्हणून पुढे पाठवतो, ही चूक मात्र वाचकाची.

कादंबरीची बाजूही तितक्याच जोरात मांडते. झलकारीबाईचं नाव आज देशभर माहीत आहे, २००१ मध्ये तिचं टपाल तिकीट निघालं. कोरी समाजातली, राणीसारखी दिसणारी, तिच्यासाठी जिवावर उदार झालेली ही बाई बुंदेलखंडाच्या तोंडी परंपरेत होती. ती मोठ्या वाचकवर्गापर्यंत पोहोचली ती मुख्यतः वर्मांच्या कादंबरीतून. कागदपत्रं लिहिली कुणी? ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी. फक्त कागदच खरा मानायचा ठरवलं, तर झलकारीसारखी माणसं दुसऱ्यांदा मरतात. कादंबरी त्यांना जागा देते.

पाचवं पुस्तक या दोन्हींच्या मधलं आहे. महाश्वेतादेवींचं पहिलंवहिलं पुस्तक, बंगालीतलं 'झाँसीर रानी', १९५६ चं. मी ते इंग्रजी अनुवादातून वाचलं. तिशीच्या आत असलेली ही बाई लहान मुलाला घरी ठेवून झाशी, ग्वाल्हेरच्या भागात एकटी हिंडली. दप्तरं पाहिली आणि लोकांकडून गाणी, गोष्टीही गोळा केल्या. मला यातलं आवडतं ते हे, की लोक काय म्हणतात ते ती लोकांचं म्हणणं म्हणूनच सांगते. गाणं गाणंच राहतं, त्याची बातमी होत नाही. गोष्टीसारख्या वाचल्या जाणाऱ्या सत्यकथनाकडून माझी एवढीच अट आहे. अशा लेखकाने बंद खोलीतला एकही संवाद मनचा घालू नये. घातला तर पुस्तकावर 'कादंबरी' असं छापावं. मग मी ते आनंदाने विकत घेईन.

एक चित्र तर आपल्या सगळ्यांच्या मनात कोरलेलं आहे : घोड्यावर राणी, पाठीशी बांधलेलं तान्हं बाळ. दामोदरराव १८४९ चा. झाशी सोडली त्या रात्री, एप्रिल १८५८ मध्ये, तो आठ-नऊ वर्षांचा होता. पुढे तो इंदूरला राहिला आणि १९०६ मध्ये वारला. आता एवढा मुलगा पाठीशी घेऊन शत्रूच्या वेढ्यातून निघायचं, ही कल्पना करून पाहा. पुतळ्यातल्या तान्ह्या बाळापेक्षा हे कितीतरी अवघड आहे.

म्हणून मी कुठलंही ऐतिहासिक पुस्तक वाचताना तीन प्रश्न पेन्सिलीने पहिल्या पानावर लिहिते. हे कुणी पाहिलं? किती वर्षांनी लिहिलं? कुणासाठी लिहिलं? कादंबरी असली तरी लिहिते. 'स्वामी' वाचताना थेऊरच्या प्रसंगाला माझे डोळे आजही भरतात, आणि पहिल्या पानावरचे तीन प्रश्न तिथेच असतात. दोन्ही एकाच वेळी जमतं. आपल्याला शाळेत इतिहास आणि मराठी हे दोन वेगळे तास होते, पण बसायला बाक एकच होता.

आता एक प्रस्ताव. आपली बॅच शाळेच्या वाचनालयाला पुस्तकं देणार आहे, त्यात एक कप्पा असा असावा : एका व्यक्तीची वेगवेगळी पुस्तकं शेजारी शेजारी. कादंबरी, चरित्र, समकालीन हकीकत. प्रत्येकात एक चिठ्ठी : लेखक कोण, कधी लिहिलं, कशाच्या आधारावर. झाशीच्या राणीपासून सुरुवात करू. पुस्तकं मी आणते. आणि चिठ्ठ्या लिहायला मला मदत लागेल, तेव्हा आज न आलेल्या आपल्या त्या मित्राला मी फोन करणार आहे. इतिहासातलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मी ग्रुपवर कबूल करायलाही तयार आहे.