बायोडाटात गटाचं काम लिहा

(आसगाव येथे बचत गटांच्या सभासदांसमोर केलेल्या भाषणातील भाग)



बायोडाटा म्हटलं की आपल्याला आधी लग्नाचा बायोडाटा आठवतो. उंची, रंग, मामाचं गाव, शेती किती एकर. नोकरीच्या बायोडाटात यातलं काहीच लागत नाही. जागा राखीव असेल तर जातीच्या प्रमाणपत्राचा उल्लेख करायचा, बाकी जात-धर्म, वजन, सासऱ्यांचा हुद्दा याच्याशी कोणाला घेणं नाही. नोकरी देणाऱ्याला एकच गोष्ट पाहायची असते: ही बाई माझं काम करू शकेल का?

आणि इथेच आपलं अडतं. काय करता, असं विचारलं की आपल्यातल्या बहुतेक जणी म्हणतात, "काही नाही जी, घरीच असतो." घरीच असणारी हीच बाई रोवणीच्या दिवसांत अंधारात उठून सगळ्यांचा डबा करून बांधीत जाते, आणि महिन्याच्या बैठकीत गटाच्या पैशाचा हिशोब रुपयाला रुपया जुळवते. हिशोबाचं हे काम पतसंस्थेत, किराणा दुकानात, शाळेच्या कार्यालयात, दवाखान्याच्या काउंटरवर पगार देऊन करून घेतात. आपण मात्र कागदावर लिहितो, "शिक्षण दहावी. अनुभव निरंक."

समजा, एखादी ताई पाच वर्षांपासून गटाची सचिव आहे. तिनं "बचत गटात काम केले" एवढंच लिहिलं, तर वाचणाऱ्याला काय कळेल? काहीच नाही. तेच तिनं असं लिहावं:

"सचिव, महिला स्वयंसहाय्यता गट, आसगाव, 2019 ते 2024. 11 सभासदांची मासिक बचत, अंतर्गत कर्ज व परतफेडीच्या नोंदी रोकड वही आणि खतावणीत ठेवल्या. दरमहा बैठकीचे इतिवृत्त लिहिले. बँकेत भरणा करणे, पैसे काढणे व कर्जप्रकरणाची कागदपत्रे तयार करण्याचा अनुभव."

यात एकही शब्द फुगवलेला नाही. फक्त काय केलं, किती जणींसाठी केलं आणि किती वर्षं केलं, एवढं आलं. हे आकडे आठवत बसू नका. इतिवृत्ताच्या रजिस्टरात, रोकड वहीत, बँकेच्या पासबुकात सगळे आहेत. सीआरपी, पशुसखी, कृषी सखी, बँक सखी म्हणून काम केलं असेल, वर्धिनी म्हणून दुसऱ्या गावात गट बांधायला गेला असाल, तर तेही गावांच्या संख्येसह लिहा. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र, सही-शिक्क्यासह, मागून घ्या. मागायला संकोच कशाचा? काम आपण केलेलं आहे.

खोटं मात्र लिहू नका. एमएससीआयटी झालेलं नसताना झालं म्हणून लिहिलं आणि मुलाखतीत समोर संगणक ठेवला, तर काय करणार? दहावीनंतर लग्न झालं, लेकरं झाली, काही वर्षं नोकरी नव्हती, हे लपवायचं कारण नाही. विचारलं तर सरळ सांगायचं.

आता नावाचं. हे जरा नीट ऐका, कारण पुष्कळ अर्ज इथेच अडकतात. टीसी आणि मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि बँक पासबुकावर तिसरंच काहीतरी, एखादी वेलांटी नाहीतर इंग्रजी अक्षर इकडचं तिकडे. बायोडाटात आधारप्रमाणे नाव लिहा आणि खाली "लग्नापूर्वीचे नाव" अशी एक ओळ द्या. सोबत विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा. नोंदणी झालेली नसेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा. आपल्या राज्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव लागतं. त्यांना पुढे किती सोपं जाईल कोण जाणे, आपल्याला मात्र दोन्ही नावं सांभाळूनच चालावं लागतं.

मोबाईल नंबर स्वतःचा द्या. मालकांचा नंबर दिला, ते शेतावर गेले, मुलाखतीचा फोन कोणी उचललाच नाही, तर जागा दुसरीला जाते. स्वतःचा फोन नसेल तर दिवसा हमखास उचलेल अशा व्यक्तीचा नंबर द्या आणि तिला तसं सांगून ठेवा.

टायपिंगला सेवा केंद्रात गेल्यावर एक गंमत होते. तिथला पोरगा कोणाचा तरी जुना बायोडाटा उघडतो, वरचं नाव बदलतो आणि प्रिंट काढतो. मग खाली छंद म्हणून "क्रिकेट खेळणे" तसंच राहतं! म्हणून घरूनच हातानं लिहून न्या. एक पान पुरे. प्रिंट निघाली की मोबाईल नंबरचा एकेक आकडा बोट ठेवून वाचा. फाईल स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या, म्हणजे दुसऱ्या वेळी पुन्हा टायपिंगचे पैसे पडणार नाहीत.

एकच बायोडाटा सगळीकडे चालवू नका. पतसंस्थेसाठी हिशोबाचं काम वर लिहा. शाळेत स्वयंपाकाच्या कामासाठी अर्ज असेल तर गटानं लग्नसमारंभात घेतलेली जेवणाची कामं, किती लोकांचं जेवण केलं, ते वर आणा. अंगणवाडीच्या पदांना ठरलेला अर्जाचा नमुना असतो. तिथे बायोडाटापेक्षा जाहिरातीतली वयाची, शिक्षणाची आणि स्थानिक रहिवासी असण्याची अट आधी वाचायची.

आणि एक. अर्ज केल्यावर कोणी फोन करून "तुमची निवड झाली, नोंदणीचे दोन हजार पाठवा" म्हणालं, तर पैसे पाठवू नका, ओटीपी सांगू नका. गटातल्या दोघींना विचारा, संस्थेच्या कार्यालयात जाऊन खात्री करा. बायोडाटावर आधार आणि बँक खात्याचा नंबर लिहायचाच नाही, तो निवड झाल्यावर मागितला की द्यायचा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक कोरा कागद, मार्कशीटची झेरॉक्स आणि गटात आल्यापासून केलेल्या कामांची यादी आणा. सचिवांनी रोकड वही आणि इतिवृत्ताचं रजिस्टर आणा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, शेजारची लिहील. बचतीचे पैसे जमा झाले की लगेच बसू.