सामान गाडीत, फावडं पाठीवर



कॅनडात, क्विबेक प्रांतात,
जोसेफ-आर्मान बॉम्बार्डिए यांनी
१९५९ साली 'स्की-डू' बाजारात आणली.
बर्फावर पळणारी, हौसेची गाडी. स्नोमोबिल.

तुमची लेक-जावई तिकडे असतील,
तर पुढचं सगळं त्यांना जरूर सांगा.

या गाडीत एक रबरी पट्टा असतो.
इंजिनाची ताकद तोच पुढे नेतो.
तो तुटला, की इंजिन नुसतं गुरगुरतं.
गाडी तसूभर हलत नाही.

म्हणून जादा पट्टा हवाच.
सोबत स्पार्क प्लग, पाने, ओढायचा दोर.
आणि पट्टा बदलायचा सराव घरीच करा.
तोही हातमोजे घालून!
रानात बोटं बधिर होतात.

डोंगरात हिमलोट कोसळतो.
तिथे फावडं आणि शोधकाठी पाठीवरच्या पिशवीत ठेवा.
शोधासाठी संकेत देणारं यंत्र अंगावर बांधा.
गाडी बर्फाखाली गेली, तर तिच्यातलं फावडंही गेलं.
पुन्हा सांगते: फावडं पाठीवर, गाडीत नाही.

काडेपेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळा.
कोरडे मोजे, शिट्टी, थोडा खाऊ घ्या.
मोबाइल आतल्या खिशात.
थंडीत बॅटरी झटकन उतरते.

आणि निघताना,
कुठल्या वाटेनं जाताय, कधी परतताय,
हे घरी सांगून निघा.