दुकानाचे मागील दार

(महाजनांच्या मेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी अनेक घराण्यांचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या व्यापारावर चालत आला आहे. कोणाचे भुसारी दुकान, कोणाची कापडाची पेढी, कोणाचे उपाहारगृह. म्हणून प्लास्टिकच्या कचऱ्याविषयी बोलताना मी घरातील पिशवीपासून नव्हे, तर दुकानाच्या मागील दारापासून आरंभ करतो.

कापडाचा गठ्ठा सोडला की त्यावरील पातळ पारदर्शक आवरण बाजूला पडते. त्या क्षणी ते कोरडे, स्वच्छ व एकाच जातीचे असते. भंगारवाला त्याचे पैसे देतो. तेच आवरण चहाच्या चोथ्यासह एका पिंपात पडले की कोणी हात लावीत नाही. धुण्यावाळविण्याचा खर्च कोणी करावा? पुढे त्याच घाणीतून एखादी बाई उघड्या हातांनी प्लास्टिक वेचते. आपल्या दुकानातील दोन मिनिटांच्या आळसाची किंमत ती मोजते, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्लास्टिक हा एकच पदार्थ नव्हे. पुष्कळ वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचे पीईटी. त्यापासून धागा निघतो. ३ म्हणजे पीव्हीसी. ही दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे तरंगवून वेगळी करता येत नाहीत. आणि पीईटी वितळविण्याच्या उष्णतेत पीव्हीसी आम्लवायू सोडते. मिठाच्या खड्याने दूध नासावे, तसा सारा माल बिघडतो. फरसाणाच्या चकचकीत पाकिटांत तर निरनिराळे थर एकमेकांस चिकटविलेले असतात. त्यांची बहुधा नवी वस्तू होत नाही, ती सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. त्यांना पुनर्वापर म्हणणे मला तरी पटत नाही.

सायंकाळी दुकान मिटताना मागे ढीग पेटविण्याची रीत मात्र तात्काळ थांबली पाहिजे. पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होऊ शकतात, आणि तो धूर आपल्याच आळीत फिरतो.

कायद्याचा धाक दाखविण्याचा माझा हेतू नाही. तथापि १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आलेल्या वस्तूंत प्लास्टिकचे पेले, ताटल्या व चमचे यांबरोबर मिठाईच्या खोक्यांवरील आणि निमंत्रणपत्रिकांवरील प्लास्टिक वेष्टनही आहे, हे लग्नाच्या पत्रिका छापणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे. (समितीनेही घ्यावे!) ३१ डिसेंबर २०२२ पासून प्लास्टिकची हातपिशवी १२० मायक्रॉनहून पातळ चालत नाही.

जत्रेत दुकानांना जागा देताना समितीने वेगवेगळा कचरा ठेवण्याची अट घालावी, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक दुकानामागे टांगावयाची दोन-दोन पोती आमच्या पेढीकडून येतील. भरलेली पोती रोज रात्री उचलणारा माणूस तेवढा समितीने नेमावा.