शितावरून भाताची परीक्षा

धानाच्या जिल्ह्यात तर्कशास्त्राचा पहिला धडा चुलीपाशीच मिळतो. भांड्यातले एक शीत बोटाने चेपून भात शिजला की नाही ते ठरवले जाते. पाहिलेल्या थोड्यांवरून न पाहिलेल्यांविषयी अनुमान करण्याच्या या रीतीस विगमन म्हणतात. उलट, मान्य नियम हाती घेऊन तो एखाद्या प्रकरणास लावणे हे निगमन. क्रमिक पुस्तके बहुधा एवढ्यावरच थांबतात. खरा भेद निष्कर्षाच्या बळात आहे. निगमनात आधारविधाने खरी आणि रचना बिनचूक असेल, तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही. विगमनात शंभर उदाहरणे खरी ठरूनही एकशे एकावे दगा देऊ शकते.

घरी पाने नेऊन बिड्या वळणारी बाई कामगारच नव्हे, असा बचाव बिडीधंद्यातील मालकपक्ष दीर्घकाळ करीत आला. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यासही कामगार मानले. अमुक बाई कंत्राटदाराच्या पान-तंबाखूवर घरी बिड्या वळते, म्हणून ती कामगार. येथे पाचशे घरांची पाहणी नको. एकीचे काम सिद्ध झाले की पुरे. मात्र तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. युक्तिवादाची घडी तीच राहिली, तरी आधारविधान नव्या संहितेतून घ्यावे लागेल. जुने कलम पाठ असलेल्या कार्यकर्त्याची फसगत व्हायची ती इथेच.

धानाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २३६९ रुपये जाहीर झाली. ज्याअर्थी जाहीर झाली त्याअर्थी शेतकऱ्याला ती मिळतेच, असे व्यासपीठावरून सांगता येते. रचनेत दोष नाही. पण जाहीर झालेला भाव सर्वांना मिळतो, हे न उच्चारलेले विधान खोटे आहे. ती किंमत सरकारी खरेदी केंद्राला बांधते, खासगी व्यापाऱ्याला नव्हे.

यावर आपला कार्यकर्ता उसळून उत्तर देतो, ‘आमच्या गावात एकालाही भाव मिळाला नाही, म्हणजे गोंदिया जिल्ह्यातच मिळाला नाही!’ त्याचा राग खरा आहे, निष्कर्ष कच्चा. भांड्यातल्या शितांना जाळ एक, पाणी एक. म्हणून एक शीत साऱ्या भाताची साक्ष देते. आठ तालुक्यांचा जिल्हा म्हणजे एक भांडे नव्हे. देवरी-सालेकशाचा जंगलपट्टा आणि तिरोड्याचा वैनगंगाकाठ यांना एकच माप कसे लागू पडेल?

ही चूक विद्वानांच्या सरकारनेही केली होती. भंडारा जिल्हा (गोंदिया त्यातूनच १९९९ मध्ये वेगळा झाला) तेव्हा मध्य प्रांतात होता. १८६७-६८ च्या प्रांतिक अहवालात तांदळाचा सरासरी दर काढताना जिल्ह्याजिल्ह्यांचे दर बेरजेला घेऊन जिल्ह्यांच्या संख्येने भागले होते. दादाभाई नौरोजींनी ही गफलत नेमकी पकडली. कोठे किती तांदूळ पिकला, हे हिशेबातच नव्हते. उदंड पिकते तेथे दर उतरतो, थोडे पिकते तेथे चढतो. दोघांना सारखा मान दिला की सरासरी फुगते, आणि तिच्याबरोबर रयतेचे उत्पन्नही कागदावर फुगते. दादाभाईंनी पिकाचे वजन लावून प्रांतवार हिशेब मांडला. हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये निघाले. पुढे १८८२ मध्ये सरकारच्या वतीने बेअरिंग यांनी केलेला अंदाजही २७ रुपयांपलीकडे गेला नाही.

तेव्हा धानविक्रीची पाहणी हाती घ्यायची, तर भाव न मिळालेली गावे मोजून भागणार नाही. तालुकावार किती क्विंटल केंद्रावर गेले, किती व्यापाऱ्याच्या काट्यावर आणि कोणत्या दराने, हे वजनासह मांडावे लागेल. ज्या गावांत पुरा भाव मिळाला, त्यांची नोंदही त्याच वहीत हवी.